भूतनाथची साक्ष: एका अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी

8 जून 2024

ही चोपडी आजपासून फक्त भूतनाथसाठी. काम ठरलं ते असं: देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता संतति'मधली भूतनाथची गोष्ट मराठीत आणायची आणि तिचं सव्वा तासाचं अभिवाचन बसवायचं. वाचणारे आम्ही पाच जण, जागा आमच्या वाचनालयाचा वरचा हॉल, प्रयोग 17 ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी.

'चंद्रकांता' म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दूरदर्शनवरची रविवार सकाळ आणि क्रूरसिंहाचं 'यक्कू' आठवतं. कादंबरी त्या मालिकेपेक्षा बरीच वेगळी आहे. खत्रींनी काशीनरेशांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले, गुहा, ओसाड इमारती त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. 1888 मध्ये 'चंद्रकांता' आली, मग 'संतति'चे 24 भाग. 'चंद्रकांता' वाचायची म्हणून उर्दूत वाढलेले कितीतरी लोक हिंदी शिकले, असं आचार्य रामचंद्र शुक्लांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदवलंय.

या गोष्टीतला हेर म्हणजे अय्यार. नौगढ, विजयगढ, चुनारगढ अशा राजांच्या पदरी हे अय्यार असतात. वेष पालटणं, औषधं ओळखणं, गाणं-वाजवणं, धावणं, शस्त्र चालवणं, शत्रूच्या गोटात शिरणं, सगळं त्यांना यावं लागतं. खत्रींनी प्रस्तावनेत म्हटलंय की अय्यारांच्या हुशारीनं रक्त न सांडता लढाया मिटायच्या, म्हणून त्यांची फार कदर होती. अय्यारानं अय्याराला मारायचं नाही, कैद करायचं, हाही त्यांचा रिवाज. तेजसिंह, चपला, देवीसिंह ही मंडळी त्या मानाला शोभतात. भूतनाथ मात्र हाताला लागत नाही. तो कुणासाठी काम करतोय, कशाला भितोय, आत्ता बोलतोय त्यातलं खरं किती, हे प्रत्येक भागात नव्यानं विचारावं लागतं. मला त्याचाच माग काढायचाय.

11 जून

शब्दांवर बैठक झाली. 'अय्यार' तसाच ठेवायचा. 'हेर' म्हटलं तर अर्धाच माणूस हाती येतो. कुणीतरी 'बहुरूपी' सुचवलं, पण आपला बहुरूपी दारात येतो तेव्हा तो खरा फौजदार नाही हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि म्हणूनच आपण त्याला पैसे देतो. अय्याराचं सोंग ओळखलं गेलं की तो कैदेत. 'तिलिस्म', म्हणजे गुप्त वाटांची आणि कळ-यंत्रांची भुलभुलैयासारखी इमारत, हाही शब्द तसाच ठेवला. 'बटुआ'चा मराठी 'बटवा' झाला आणि सगळ्यांनाच आवडला, कारण आजीबाईच्या बटव्याप्रमाणे यातही औषधंच असतात: बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायचा लखलखा, चेहरा रंगवायचं सामान.

बटव्यावरून एक गोष्ट लक्षात आली ती इथे लिहून ठेवते. खत्रींच्या आधी लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून अमीर हमजाच्या दास्तानी, म्हणजे लांबलचक अद्भुत कथा, निघत होत्या. त्यातल्या अमर अय्याराकडे झंबील नावाची जादूची थैली होती, अख्खं जग मावेल अशी. खत्रींनी झंबील काढून हातात साधा बटवा दिला. त्यांच्या तिलिस्मातही बहुतेक सगळा कळ आणि यंत्रांचा खेळ. चुनारच्या खंडहरातला दगडी बगळा माणसं गिळतो तेव्हा अंगावर काटा येतो, पण पुढे त्याच्या पोटातली यंत्रं समोर मांडली जातात.

मग गूढ असं उरतं काय? पंडित जगन्नाथ ज्योतिषांचं रमल. ते फासे टाकतात आणि कोण कुठे लपलंय ते सांगतात. त्याला मात्र कळ नाही, चावी नाही. माणसांच्या तोंडून निघालेल्या शब्दावर कुणाचाच भरवसा उरलेला नाही आणि फाशांवर सगळ्यांचा आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

16 जून

रविवार, पूर्ण दिवस तक्त्यासाठी. चोपडीच्या दोन्ही पानांवर मिळून पाच रकाने आखले: कोण बोललं, कुणाशी, कुणाच्या रूपात, त्यात त्याचा लाभ काय, आणि हे सोंग वाचकाला त्या वेळी माहीत होतं का. सरावासाठी आधी 'चंद्रकांता' घेतली.

शेवटच्या रकान्यानं डोकं धरायला लावलं. मी धरून चालले होते की पात्रं एकमेकांना फसवतात आणि निवेदक आपल्या बाजूनं असतो. सुरुवातीला तसंच आहे. निवेदक मधेच वाचकांकडे वळून सांगतो की ही बाई कोण ते तुम्ही ओळखलंच असेल. आपण त्याच्यासोबत पडद्यामागे उभे असतो. पण मग वनकन्या येते. चंद्रकांतेवर प्रेम करणारा नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह तिच्यामुळे गोंधळतो, चंद्रकांतेशी आपण प्रतारणा तर करत नाही ना या विचारानं तडफडतो, आणि निवेदक पानंच्या पानं तिला 'वनकन्या'च म्हणत राहतो. ती स्वतः चंद्रकांताच आहे हे त्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. सिद्धनाथ योग्याचंही तेच. तो तेजसिंहाचा बाप जीतसिंह. नाव बदललं की निवेदकही त्या नावानंच हाक मारतो, म्हणजे अय्यारांच्या कटात तोही सामील असतो.

तरी यात खोटं काही नाही, असं दुपारपर्यंत वाटत होतं. सोंग ज्या नावाचं, त्या नावानं बोलावलं इतकंच. संध्याकाळी 'संतति'कडे वळले.

19 जून

मायारानी. जमानियाची राणी, कमलिनी आणि लाडिलीची मोठी बहीण. 'संतति'च्या सुरुवातीच्या भागांपुरतं वाचलं तर हे कुणीही छातीठोकपणे सांगेल, कारण पात्रं तर तसं म्हणतातच, निवेदकही म्हणतो. लाडिलीला तो मायारानीची धाकटी बहीण म्हणूनच समोर आणतो.

आणि ते खरं नाही. कमलिनी आणि लाडिलीचे वडील बलभद्रसिंह. त्यांची थोरली मुलगी लक्ष्मीदेवी. तिचं लग्न जमानियाच्या राजा गोपालसिंहाशी ठरलं होतं. ऐनवेळी तिच्या जागी हेलासिंहाच्या मुलीला, मुंदरला, उभं केलं गेलं. तीच मायारानी. खरी लक्ष्मीदेवी कमलिनीच्या घरी 'तारा' या नावानं, मैत्रीण म्हणून राहतेय. कमलिनी आपल्या सख्ख्या बहिणीला मैत्रीण समजते आणि परक्या बाईला बहीण.

इथे निवेदकानं काही झाकलं म्हणून भागत नाही. 'बहीण' हा शब्द त्याच्या तोंडचा आहे आणि तो चुकीचा आहे. मी तक्त्यात सहावा रकाना वाढवला: निवेदकाचं स्वतःचं विधान, पुढे खोटं ठरलेलं. आज रात्रीपर्यंत त्यात सात नोंदी झाल्या.

याची बाजू घेणारं एक उत्तर आहे, तेही लिहून ठेवते, कारण तालमीत वाद होणार. निवेदक त्या-त्या वेळी पात्रांना जे ठाऊक आहे तेवढंच सांगतो. कमलिनीला ती बहीण वाटते, म्हणून तोही बहीण म्हणतो. पटतं. पण मग तो मधेच वाचकांशी थेट बोलून आम्हाला पात्रांपेक्षा जास्त का सांगतो? एकदा विश्वासात घेतलं की पुढच्या वेळीही घेतलंय असं माणूस समजतो. खत्रींनी हा भरवसा आधी कमावला आणि मग नेमका मोठ्या ठिकाणी वापरला. मला हे कसब फार मोठं वाटतं. हिंदीतल्या समीक्षकांनी या पुस्तकांना निव्वळ करमणूक म्हणून फार काळ बाजूला ठेवलं, याचं वाईट वाटतं.

23 जून

पहिली तालीम. छापील पानावर न येणारी अडचण आवाजात आली.

कृष्णाजिन्न नावाचा एक गूढ पुरुष भूतनाथच्या प्रकरणात मधेच उगवतो, पुरावे ताब्यात घेतो, कुणाला वाचवतो, कुणाला अडकवतो. तो म्हणजे राजा गोपालसिंह. कागदावर नाव बदललं की काम झालं. पण आमच्याकडे गोपालसिंह आणि कृष्णाजिन्न दोन्ही दादा वाचणार होता. त्यानं कृष्णाजिन्नाचं पहिलं वाक्य उच्चारलं आणि समोर बसलेली आत्या म्हणाली, "हा तर गोपालसिंह!" तिनं पुस्तक वाचलेलं नाही, आवाज ओळखला.

दोन उपाय निघाले. एक, आवाज बदलून वाचायचं. दादानं करून पाहिलं, नाटकी झालं. दुसरा, कृष्णाजिन्न वेगळ्या माणसानं वाचायचा. मग रहस्य टिकतं, पण आम्ही श्रोत्यांशी खोटं बोललो असं होतं, कारण आवाज म्हणजे माणूस असा अभिवाचनात न बोलता ठरलेला करार असतो. वेष नाही, प्रकाश नाही, श्रोत्याकडे फक्त आवाजच असतो.

निर्णय लांबणीवर. चहा मात्र दोनदा झाला.

30 जून

आज पितळी डबीचा प्रसंग. यावर सगळ्यात जास्त वेळ दिला आणि द्यायलाच हवा होता.

कमलिनीचं तळ्यातलं घर. बलभद्रसिंह म्हणून आलेला एक माणूस भूतनाथवर आरोप ठेवतो. पत्रांचं गाठोडं पुढे करतो. पत्रं भूतनाथच्या अक्षरातली, आणि त्यांवरून असं दिसतं की लक्ष्मीदेवीचा आणि तिच्या वडिलांचा घात त्यानंच केला. तारा, म्हणजे लक्ष्मीदेवी, तिथे हजर आहे आणि ऐकतेय. आणि आरोप ठेवणारा हा बलभद्रसिंहही बनावट आहे, तो जैपाल नावाचा दुसराच माणूस. त्याच्याजवळ एक छोटी पितळी डबीही आहे. ती पाहिल्यावर भूतनाथचं अवसान गळतं.

तक्त्यात हा प्रसंग भरताना माझा हात थांबला. आरोप करणारा सोंगाडा, म्हणून आरोप खोटा का? अक्षर भूतनाथचं, म्हणून मजकूर भूतनाथच्या मनातला का? लिहिणं, उतरवून घेणं आणि लिहायला लावलं जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अक्षर तिन्हीत सारखंच दिसतं. इतक्या सगळ्या बोलण्यात, कागदांत, रूपांत एकच गोष्ट कुणी घडवून आणलेली नाही: डबी पाहून भूतनाथला सुटलेला घाम. तो त्याला आवरता आला नाही.

आत्यानं घरून तिचा पितळी डबा आणला होता, सुपारीचा. झाकणावर वेलबुट्टी, एका बाजूला पोचा आलेला, बिजागरीची खीळ सैल. भूतनाथ वाचणाऱ्या मित्राला आम्ही सांगितलं होतं की संवाद वाचताना मान वर करायची नाही. आत्यानं मधेच डबा टेबलावर ठेवला, झाकण किंचित वाजलं, आणि त्याचा आवाज खरोखर अडकला. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, नंतर विचारलं. ती जागा तशीच ठेवायची. डबा प्रयोगात उघडायचा नाही, हेही आजच ठरलं.

5 जुलै

आज जे सापडलं त्यानं सगळी संहिता उलटीपालटी होणार.

'संतति' संपते तेव्हा भूतनाथच्या प्रकरणातलं बरंचसं उलगडतं, त्याला माफीही मिळते, पण त्याची पूर्वीची हकीकत राहून जाते. ती 'भूतनाथ' या वेगळ्या कादंबरीत येते. आजवर मी ती चाळलीच होती, कारण आमच्या प्रयोगात ती नव्हती. आज पहिलं पान नीट वाचलं.

भूतनाथ स्वतः बोलतो. वडिलांनी आपलं नाव गदाधरसिंह ठेवलं होतं, भूतनाथ हे नाव आपण नंतर घेतलं, असं सांगतो. नौगढच्या महाराज सुरेंद्रसिंहांच्या हुकुमावरून आपण ही जीवनी लिहायला बसलोय, म्हणतो. आणि लगेच म्हणतो की जीवनी जीवनीसारखी लिहिणार नाही, कादंबरीच्या ढंगानं लिहीन, कारण दोषांनी आणि भयानक घटनांनी भरलेलं आपलं चरित्र तसंच सांगितलं तर रुक्ष होईल, लोकांना आवडणार नाही. वाचकांनी असं समजावं की हे भूतनाथनं लिहिलेलं नाही, दुसऱ्याच कुणी भूतनाथची हकीकत लिहिलीय.

एवढं बोलून 'मी' निघून जातो. त्यानंतर सगळीकडे 'भूतनाथ' तृतीयपुरुषात. 'भूतनाथ म्हणाला', 'भूतनाथनं विचार केला'.

मी ते पान चार वेळा वाचलं. एक अय्यार, ज्याचा धंदा दुसऱ्याचं रूप घेण्याचा, त्यानं आयुष्यातलं शेवटचं रूप निवेदकाचं घेतलं. आणि घेताना आपल्याला सांगून घेतलं. पहिल्या पानावर. पण गोष्ट सुरू झाली की दहाव्या पानापर्यंत आपण ते साफ विसरतो, आणि ज्याच्यावर खुनाचा आळ आहे त्याचीच साक्ष त्रयस्थाची म्हणून ऐकत राहतो. जमना आणि सरस्वती या दोघी आपला नवरा दयाराम याचा खुनी म्हणून ज्याच्या मागावर आहेत, तो गदाधरसिंह हाच. त्यांचं दुःख, त्यांचा राग, त्यांची गुप्त खलबतं, हे सगळं आपल्याला कोण सांगतंय? तोच. त्या एकांतात काय बोलल्या हे त्याला कसं कळलं? अय्यार होता म्हणून कळलं असेल. किंवा नंतर कुणी सांगितलं असेल. किंवा त्यांनी असं म्हटलं असावं, असं त्याला वाटलं असेल.

7 जुलै

तक्त्यात 'लाभ काय' हा रकाना आज नव्या नजरेनं भरला. भूतनाथसाठी उत्तर सरळ आहे: ज्या राजानं क्षमा केली त्याच्याच हुकुमानं तो लिहितोय. माफी कागदावर मिळालीय, लोकांच्या मनात मिळायचीय. तो सगळंच झाकून नेतो असं नाही. स्वतःचा लोभ, भित्रेपणा, हाव तो दाखवतो, आणि कधीकधी इतकी उघडी दाखवतो की पुढच्या सबबीवर आपला विश्वास बसावा. छोटा गुन्हा कबूल करून मोठा गुन्हा हलका करणं, ही चाल मी प्रत्येक कबुलीपाशी तपासून पाहतेय. काही ठिकाणी नक्की आहे. काही ठिकाणी मला त्याच्या लेखणीत खरा पश्चात्ताप दिसतो, आणि तो मी वाचक म्हणून तिथे घालतेय की काय, याचाही विचार करतेय.

कमलिनीला तो कामाचा आहे, आणि त्याचं गुपित हाताशी असल्याशिवाय तो कामाचा राहणार नाही. तिनंच त्याला तिलिस्मी खंजीर दिला, ज्याला हात लावणारा विजेचा झटका बसल्यासारखा कोसळतो. त्याच्या जोडीची अंगठी बोटात असेल तरच तो पेलता येतो. देणारीच्या मनात विश्वास किती आणि गरज किती, हे लिहिलेलं नाही.

आणि खत्रींचा लाभ? भाग-भाग करून निघणारं पुस्तक, 'लहरी प्रेस' हा छापखाना घरचाच. प्रत्येक भागाच्या शेवटी कुणाचा तरी बुरखा अर्धा वर उचललेला. निवेदक गुपित राखतो त्यामागे गोष्टीची गरज आहे तशी पुढचा भाग विकण्याचीही आहे. मला यात कमीपणा दिसत नाही. हजारो लोकांना वाचनाची भूक लावली ती याच रीतीनं. फक्त निवेदक माझ्याशी असाच का बोलला याचं उत्तर शोधताना हेही मांडायला हवं.

14 जुलै

आत्याकडे गेले होते, डबा परत द्यायला. आजोबांचे सहा बांधीव खंड अजून तिच्याच कपाटात आहेत, प्रत्येकात चार भाग. मी आतापर्यंत नव्या आवृत्तीवरून काम करत होते. जुने खंड उघडून बसले. खाकी कागदाची कव्हरं, कण्यावर शाईनं आकडे. बाकीच्या खंडांची पानं कडक, पिवळी, वळवली की कडा तुटतात. पत्रांच्या गाठोड्याचा प्रसंग जिथे आहे ती पानं मात्र कापडासारखी मऊ झालीयत. खालचा उजवा कोपरा बोटं लागून काळसर. तीच पानं कुणीतरी पुन्हापुन्हा उलटलीयत.

आजोबा नागपूरला एका कचेरीत कारकून होते, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं तेव्हा. कामकाजात हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या, त्यामुळे हिंदी त्यांची पक्की. आत्या सांगते की रोज रात्री ते एक प्रकरण हिंदीत वाचायचे आणि मग मुलांना मराठीत सांगायचे. मी तिला माझा तक्ता दाखवला. भूतनाथपुढच्या नोंदी तिनं वाचल्या आणि म्हणाली, "हे असं नाही गं. भूतनाथनं काहीच केलेलं नव्हतं. सगळं जमानियाच्या त्या दरोग्यानं त्याच्यावर घातलं."

मी म्हटलं, "आत्या, पुस्तकात तसं नाहीये. दयारामचा घात त्याच्या हातून झाल्याचं संततीत येतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबांनी तसं नाही सांगितलं."

मग हळूहळू दुसरं निघालं. ज्या पावसाळ्यात त्यांनी भूतनाथ सांगितला, तेव्हा ते कामावर जात नव्हते. त्यांच्यावर चौकशी चालली होती. एका कागदावरून. सात महिने घरी होते, नंतर पुन्हा कामावर घेतलं, पुढे त्यावर घरात कुणी बोललं नाही. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची. "काय झालं होतं ते मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "आईनं पण विचारलं नसावं."

घरी येताना रिक्षात मी हेच घोळवत होते की त्यांनी मुलांना सांगताना गोष्ट बदलली ती कुणासाठी. ही नोंद संहितेत जाणार नाही. इथे लिहिली कारण आज मला जे कळलं ते यातूनच कळलं.

20 जुलै

निर्णय. निवेदक आणि भूतनाथ एकच माणूस वाचेल. पहिलं पान, 'मी'चं, तो उभा राहून श्रोत्यांकडे बघत सांगेल. मग बसेल, चष्मा लावेल, आणि तृतीयपुरुषात वाचू लागेल. आवाज तोच ठेवायचा. प्रयोगाची सुरुवात आता 'भूतनाथ'च्या त्या पानानं होईल आणि 'संतति'चे प्रसंग त्याच्या साक्षीत आल्यासारखे येतील.

दादाचा विरोध आहे. त्याचं म्हणणं, 'संतति' भूतनाथनं सांगितलेली नाही, तिचा निवेदक वेगळा, दोन्ही एकत्र केले तर आपण खत्रींवर अन्याय करतो. मुद्दा बरोबर आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एक बदल केला: 'संतति'तले तुकडे सुरू होताना ताई प्रत्येक वेळी भागाचा क्रमांक उच्चारेल. ऐकणाऱ्याला कळेल की हा कागद दुसऱ्या फाइलीतला आहे.

कृष्णाजिन्नाचा प्रश्नही सुटला. दादाच वाचेल, त्याच्याच आवाजात, काही न बदलता. श्रोत्यांनी ओळखलं तर ओळखू दे. समोरच्या पात्रांना कसं कळत नाही या कुतूहलात ते बसतील.

4 ऑगस्ट

सलग तालीम, 92 मिनिटं. सतरा कमी करायची. भूतनाथच्या मुलाचा, नानकचा, सगळा धागा गेला, रोहतासगढच्या किल्ल्यातले प्रसंगही. कापताना जीव तुटला. तोंड धुवायचा प्रसंग ठेवला: संशय आला की पाणी मागवायचं, चेहरा धुवायला लावायचं, रंग उतरला की माणूस पकडला. पत्रांच्या प्रसंगाला लागून तो आला की कुणी काही न सांगता परिणाम होतो. अक्षर पाण्यानं धुऊन पाहता येत नाही.

11 ऑगस्ट

शेवट कुठे करायचा? 'भूतनाथ'चे पहिले सहा भाग देवकीनंदनांचे. 1913 मध्ये ते वारले. पुढचे त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून कादंबरी पूर्ण केली. म्हणजे साक्षीदार जबानीच्या मध्यावर असताना त्याला बोलतं करणारा गेला, आणि उरलेली जबानी मुलानं नोंदवली. भूतनाथला त्याच्या निर्मात्यानं शेवटी काय द्यायचं ठरवलं होतं, हे आपल्याला त्याच्या हातचं वाचायला मिळत नाही.

आम्ही सहाव्या भागाशी थांबणार. भूतनाथ चष्मा काढेल, कागद एकावर एक रचेल, 'पुढे' एवढाच शब्द म्हणेल आणि दिवा जाईल.

18 ऑगस्ट

काल प्रयोग झाला. खुर्च्या साठ, माणसं त्याहून जास्त. मागे सतरंजी घातली. 76 मिनिटं.

डबीपाशी झाकण वाजलं तेव्हा हॉल चिडीचूप होता. मुंदरचं नाव आलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "पण मघाशी बहीण म्हणाले ना?" मला तेवढंच हवं होतं. त्या प्रश्नासाठी दोन महिने घातले असते तरी चाललं असतं, आणि घातलेच होते.

नंतर एक वयस्कर गृहस्थ थांबले. त्यांनी लहानपणी काशीला 'भूतनाथ' वाचला होता. म्हणाले, "तो पहिल्या पानावर असं म्हणतो हे मला आठवतच नव्हतं." मग टेबलाजवळ गेले, डब्याकडे बोट करून विचारलं, "उघडू?" मी हो म्हटलं. आत आत्याची सुपारी आणि अडकित्ता होता. त्यांनी एक खांड उचललं आणि झाकण लावलं.

आत्या शेवटपर्यंत बसून होती. हॉल रिकामा झाल्यावर खुर्च्या लावता लावता तिनं विचारलं, "मुलानं लिहिलेले भाग आहेत का तुझ्याकडे?"

म्हटलं, "आहेत. हिंदीत आहेत, आणि बरेच आहेत."

"दे मला," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढलाय, हळू वाचेन. पण वाचते."

आज सकाळी सातवा भाग तिच्याकडे पोचवला.